गोदाघाटावरचं चांदणं जलरंगात: तिथीपासून सहीपर्यंत

चांदण्या रात्रीचा नदीकाठ रंगवायला घेतलेली चित्रं बहुतेक तीन ठिकाणी फसतात. आकाश डांबरासारखं काळं होतं, त्यामुळे देवळांचे कळस त्यात बुडून जातात. चंद्र नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेएवढा होतो. आणि पाण्यात पांढऱ्या रंगाचा एक त्रिकोण येतो, जणू कुणी बॅटरी मारली आहे. हात कच्चा म्हणून हे होत नाही, क्रम उलटा म्हणून होतं. आधी सगळं अंधारं करायचं आणि मग वरून उजेड लावायचा, असा विचार मनात असतो. तैलरंगात तो थोडाफार चालून जातो. पारदर्शक जलरंगात मात्र उजेड म्हणजे कोरा कागद, आणि तो एकदा झाकला की गेला.

खालची कृती नाशिकच्या रामकुंड परिसरासाठी लिहिली आहे. जुन्या नाशिकच्या काठावर उभं राहून पलीकडच्या पंचवटीकडे, म्हणजे पूर्वेकडे बघायचं आणि देवळांमागून वर आलेला चंद्र टिपायचा. गाव दुसरं असेल तर दिशा आधी तपासा. पंढरपूर चंद्रभागेच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे तिथे संध्याकाळी गावामागे चंद्र मिळणार नाही. तिथे पौर्णिमेनंतरच्या पहाटे वाळवंटातून पलीकडे जाऊन मावळता चंद्र गाठावा लागेल.

सामान

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पोताचा), ११ × १५ इंच (२८ × ३८ सेंमी). पैसे वाचवायचे असतील तर रंगांत वाचवा, कागदात नको. या चित्रात एकाच जागेवर तीन थर बसतात आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद दुसऱ्याच थराला लव सोडतो.

रंग सहा पुरतात: अल्ट्रामरीन, इंडिगो, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, रॉ सिएना आणि कॅडमियम ऑरेंज किंवा त्याच्या जवळचा नारिंगी. काळी ट्यूब घरी ठेवा. थॅलो ब्लूही नको. तो कागदाच्या तंतूंत शिरतो आणि चूक झाली तर उचलता येत नाही.

ब्रश: दीड-दोन इंची सपाट, १२ आणि ८ नंबरचे गोल, एक रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश), आणि मास्किंग फ्लुइडसाठी, म्हणजे कागद झाकून ठेवणाऱ्या आणि नंतर घासून काढायच्या रबरी द्रवासाठी, एक टाकाऊ ब्रश. शिवाय बोर्ड, कागदी टेप, दोन पाण्याची भांडी, जुना सुती कपडा, ४बी पेन्सिल, दाढीचं नवं पातं आणि पांढऱ्या गुआशची (अपारदर्शक जलरंगाची) सर्वांत छोटी ट्यूब. तिचं झाकण शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत उघडायचं नाही.

१. तिथी आणि जागा ठरवा

पौर्णिमेलाच गेलं पाहिजे असं वाटतं, पण चित्रासाठी चतुर्दशी बरी. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या वेळी उगवतो. तो पंचवटीतल्या इमारतींच्या वर येईपर्यंत संधिप्रकाश संपतो आणि आकाशाला रंग उरत नाही. चतुर्दशीला तो जवळपास पाऊण तास आधी उगवतो. सूर्य मावळून अर्धा तास झाला की चंद्र कळसांच्या वर आणि आकाश अजून निळं, अशी वेळ मिळते. ती वीस-पंचवीस मिनिटं टिकते.

चंद्र किती वर येणार हे हातानेच मोजा. हात लांब करून वळलेली मूठ साधारण दहा अंश भरते. चतुर्दशीला सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने चंद्र क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर असतो. तुमच्या जागेवरून समोरच्या इमारतीच दोन मुठी उंच दिसत असतील तर ती जागा सोडा, मागे सरका किंवा पात्र रुंद आहे तिथे जा.

महिनाही बघा. आश्विनात, कोजागिरीच्या सुमाराला, चंद्र जवळपास ठीक पूर्वेला उगवतो. पौषात तो बराच ईशान्येकडे सरकतो आणि मे-जूनमध्ये आग्नेयेकडे. म्हणजे ऑक्टोबरात नेमका नारोशंकर मंदिरामागे मिळालेला चंद्र जानेवारीत भलत्याच छपरामागून येईल. कोजागिरीचे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, पाऊस ओसरलेला असतो आणि नदीत पाणी असतं. पावसाळ्यात, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलेलं असताना, काठावर बसून चित्र काढायच्या फंदात पडू नका. तेव्हाचं पाणी गढूळ असतं आणि त्यात प्रतिबिंबही धड मिळत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लागतात. ते दृश्य सुरेख असलं तरी पहिल्या चित्रासाठी निवडू नका. शेकडो ज्योतींत चंद्राला कुणी विचारत नाही.

२. रात्री रंग नको, नोंद करा

घाटावर पॅलेट उघडायचं नाही. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा कुठला आणि करडा कुठला हे कळत नाही. घरी येऊन बघाल तर आकाश हिरवं झालेलं असेल.

न्यायचं एवढंच: छोटी वही, ४बी पेन्सिल, डासांचं मलम. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पांढरा पडदा एकदा उघडला की ती सवय मोडते. फोन खिशातच ठेवा.

वहीत तळहाताएवढी चौकट आखा आणि मोठे आकार तेवढे काढा: आकाश, पैलतीर, पाणी, ऐलतीर. प्रत्येकात १ ते ५ मधला एक आकडा लिहा. १ म्हणजे कोरा कागद, ५ म्हणजे सर्वांत गडद. आकडा अंदाजाने टाकू नका, शेजारच्याशी तुलना करून टाका. आकाश गडद की देऊळ? पाणी गडद की आकाश? बघाल तर लक्षात येईल की चंद्र समोर असताना आकाश देवळांपेक्षा उजळ असतं, ते ५ कधीच नसतं. बहुतेक वेळा ते चंद्राजवळ २ आणि कडेला ३ किंवा ४ भरतं.

मग पाठ करा. व्हिस्लर हा चित्रकार थेम्सकाठची रात्र अशीच टिपायचा. काही वेळ एकटक बघायचा, मग पाठ फिरवून सोबतच्याला दृश्य वर्णन करून सांगायचा. सोबतीला कुणी असेल तर हेच करा: 'डावीकडे कळस, त्याच्या उजवीकडे बसकं छप्पर, मधे दोन दिवे, पाण्यात चार रेघा.' जे सांगता आलं नाही ते चित्रातही लागणार नाही.

सावध: नाइट मोडमध्ये फोटो काढून त्यावरून रंगवू नका. तो मोड सावल्या उचलतो, रात्रीची दुपार करतो आणि चंद्राच्या जागी एक फुटलेला पांढरा गोळा देतो.

३. दिवसा परत जा आणि बांधणी समजून घ्या

रात्री फक्त कडा दिसते. त्या कडेच्या आत काय आहे हे ठाऊक नसेल तर ती कडा चुकते, म्हणून सकाळी त्याच जागी बसून एक साधं रेखाटन करा. शिखराची निमुळती चढण, आमलकाचा, म्हणजे शिखराच्या माथ्यावरच्या चकतीसारख्या दगडाचा फुगवटा, त्यावरचा कळस, सभामंडपाचं छप्पर कुठे संपतं, कुठे मधेच सिमेंटची इमारत घुसली आहे आणि कुठल्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, हे सगळं नोंदवा. टाक्या गाळायच्या की ठेवायच्या हे तुम्ही ठरवा. मी एखादी ठेवतो. सगळ्याच गाळल्या की घाट कॅलेंडरावरचा दिसायला लागतो.

पायऱ्यांवर जास्त वेळ घालवा. पैलतीराच्या पायऱ्या तुमच्याकडे तोंड करून उतरतात. तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली असलेल्या पायऱ्यांचा माथा दिसतो, वरच्यांचा दिसत नाही, फक्त उभी बाजू दिसते. मागून आलेलं चांदणं माथ्यांवर पडतं, उभी बाजू अंधारात राहते. म्हणजे खालच्या पायऱ्यांवर उजेडाच्या बारीक आडव्या रेघा येतील आणि वर सलग अंधार असेल. बरेचजण वरपासून खालपर्यंत पांढऱ्या पट्ट्या ओढत जातात, मग घाटाची शिडी होते.

४. पाच छटांचा छोटा आराखडा

एकाच रंगात, इंडिगोत किंवा सेपियात, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तीन आराखडे करा. एकात चंद्र डावीकडे, एकात उजवीकडे, एकात आकाश कमी आणि पाणी जास्त. प्रत्येकाला दहा मिनिटं, त्याहून अधिक नको.

इथेच एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो पुढे बदलायचा नाही: मुख्य उजेड चंद्राचा की दिव्यांचा? प्रत्यक्षात शहरातले विजेचे दिवे चांदण्याला सहज खाऊन टाकतात. घाटावर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे प्रखर दिवे असतील तर चांदणं जवळजवळ दिसतच नाही. जसं दिसतं तसं रंगवलं तर चित्र 'दिव्यांतलं शहर' होईल, त्यात चंद्र शोभेपुरता. आपला विषय चांदणं असेल तर दिव्यांची संख्या आणि तेज दोन्ही कापावं लागेल. मी एक नियम पाळतो. कोऱ्या कागदाचं पांढरं फक्त चंद्राला आणि पाण्यातल्या त्याच्या चमकेला, प्रत्येक दिव्यावर थोडा तरी पिवळा चढलाच पाहिजे.

तपासा: आराखडा आठ फुटांवर ठेवून डोळे किलकिले करा. आकाश, पैलतीर आणि पाणी असे तीन तुकडे वेगळे दिसतात का? दोनच दिसत असतील तर आकाश फार गडद झालं आहे. इथेच दुरुस्त करा, मोठ्या कागदावर ते सुधारणार नाही.

५. रंगांची तालीम

चांदणं निळं असतं हा डोळ्यांचा खेळ आहे. उपकरणाने मोजलं तर चंद्रप्रकाश सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच भरतो. पण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग काळपट दिसायला लागतात आणि निळे त्या मानाने उजळ. याचा थेट उपयोग आहे: शिखरावरचा भगवा झेंडा चांदण्यात भगवा रंगवायचा नाही. तो गडद करडा दिसतो. शेजारी दिवा असेल तरच त्याला रंग द्या. चांदण्या रात्रीत फडकणारा लख्ख केशरी झेंडा दिसला की चित्रकार घाटावर दुपारी गेला होता हे कळतं.

त्याच कागदाच्या कापट्यावर या चार मिश्रणांचे चौकोन करा:

चंद्राभोवतीचा उजेड: रॉ सिएना, कोऱ्या चहाइतका पातळ.
आकाश: अल्ट्रामरीनमध्ये थोडा इंडिगो आणि नखभर बर्न्ट सिएना, दुधाइतका.
पैलतीर: इंडिगो आणि बर्न्ट अंबर, आटवलेल्या दुधाइतका दाट.
ऐलतीर: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, मऊ लोण्याइतका.

जलरंग वाळला की फिका पडतो, त्यामुळे ओला चौकोन बघून खूश होऊ नका. पूर्ण वाळल्यावर रात्रीच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. आकाशाचा चौकोन वाळून २ भरत असेल तर रंग वाढवा, पाणी कमी करा.

सावध: नुसता अल्ट्रामरीन वापरला तर आकाश शाईच्या दौतीसारखं निळं होईल. सिएनाचा तो नखभर ठिपका त्याला रात्र देतो.

६. कागदावर रेखाटन, आणि चंद्राची राखण

कागद चारही बाजूंनी बोर्डाला टेपने चिकटवा. क्षितिजाची, म्हणजे डोळ्यांच्या पातळीची रेघ खालून साधारण ११ सेंमीवर घ्या. पैलतीराची पाण्याची कड तिच्या थोडी खाली, पट्टी लावून, अगदी आडवी. ती दोन मिलिमीटर जरी कलली तरी नदी कागदातून सांडते.

आता चंद्राचा आकार. आकाशात चंद्र अर्धा अंश भरतो, हात लांब केला तर करंगळीच्या रुंदीच्या निम्मा. ३८ सेंमीच्या कागदावर तुम्ही साधारण ५५ अंशांचं दृश्य बसवता, म्हणजे एका अंशाला सुमारे ७ मिलिमीटर आणि चंद्राला साडेतीन. ज्वारीच्या दाण्याएवढा! विश्वास बसत नाही, पण एकदा करून बघा, घाट एकदम मोठा आणि खोल दिसायला लागतो. फारच जिवावर आलं तर हरभऱ्याच्या डाळीएवढा करा. त्यापुढे नको.

त्याच हिशेबाने, अठरा अंश उंचीवरचा चंद्र क्षितिजापासून साडेबारा सेंमी वर येतो. कागदाच्या मध्यरेषेवर ठेवू नका, एक तृतीयांशाच्या आसपास सरकवा. त्याच्या मधून खाली पाण्यापर्यंत पट्टीने अगदी फिकी उभी रेघ ओढा. चमकेचा कणा हाच.

मास्किंग फ्लुइडचा एकच ठिपका, चंद्रावर. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर केस चिकटून ब्रश कायमचा जाईल. कागद पूर्ण कोरडा हवा. ठिपका आपोआप वाळू द्या, हेअर ड्रायर लावू नका, आणि चित्र दोन-तीन दिवस तसंच ठेवून देऊ नका. उन्हाळ्यात तो कागदाला असा धरतो की काढताना सालपट निघतं.

पाण्यातल्या चमकेसाठी मास्किंग वापरू नका. तिच्या जागी पांढऱ्या अळ्या उरतात. ती चमक कोरड्या ब्रशने मिळवायची आहे, ते पुढे येईल.

७. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर: आकाश आणि पाणी एकदमच

बोर्ड एका बाजूने दोन इंच उचला. सपाट ब्रशने स्वच्छ पाण्याचा हात सगळ्या कागदावरून फिरवा, पण पाण्यात, चमकेच्या कण्याभोवतीचा दोन-तीन बोटं रुंद पट्टा कोरडा सोडा. पाण्याची तळी साचू नयेत, तिरकं बघितलं तर कागद रेशमासारखा चकाकला पाहिजे.

चंद्राभोवती तळहाताएवढ्या भागात पातळ रॉ सिएना सोडा. ब्रश लगेच धुऊन आकाशाचं मिश्रण चारही कोपऱ्यांकडून आत आणा आणि पिवळटाला भिडायच्या आधीच थांबा. दोन्ही रंग ओल्यात आपोआप मिसळतील. ब्रशने मिसळायला गेलात तर हिरवा होईल. पाण्यातही तेच मिश्रण, खाली येताना थोडं दाट.

हे सगळं पाच मिनिटांच्या आत. मे महिन्यातल्या दुपारी तीन मिनिटंही मिळत नाहीत. त्या दिवसांत सकाळी लवकर रंगवा आणि पंखा बंद ठेवा.

थांबा: चकाकी जात असताना, म्हणजे कागद ओलाही नाही आणि कोरडाही नाही अशा वेळी, त्याला हात लावू नका. तेव्हा पडलेला पाण्याचा एक थेंब फुलकोबीसारखा डाग करतो. बहुतेक आकाशं इथे मरतात. चहा करून या.

तपासा: हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. हवेइतकाच लागला तरच पुढे जा.

८. आकाशाचा दुसरा थर

पहिला थर वाळल्यावर आकाश दिवसासारखं फिकं दिसेल. घाबरू नका, ते तसंच दिसायला हवं. आता फक्त आकाश पुन्हा ओलं करा, हलक्या हाताने, एका जागेवरून एकदाच. कोपऱ्यांत आणि वरच्या कडेला दाट मिश्रण सोडा, बोर्ड वाकडा करून रंगाला वाहू द्या. चंद्राभोवती कुठेही कडक वर्तुळ यायला नको, उजेड हळूहळू विरत गेला पाहिजे.

ढग हवे असतील तर एक-दोनच, आडवे. चंद्राकडची बाजू ओल्या, पिळलेल्या ब्रशने उचलून उजळ करा. तारे शिंपडू नका. पूर्ण चंद्राजवळ तारे दिसत नाहीत, आणि टूथब्रशने उडवलेला पांढरा पाऊस कुठलंही चित्र हॉटेलच्या भिंतीवरचं करून टाकतो.

९. दिवे अंधाराच्या आधी

इथे जवळपास सगळेच चुकतात. पैलतीर आधी गडद करतात आणि वरून पिवळे ठिपके देतात. पारदर्शक पिवळा गडदावर दिसत नाही, मग गुआश मिसळतात आणि दिवे खडूच्या ठिपक्यांसारखे निर्जीव दिसतात.

उलट करा. पैलतीर अजून फिका असतानाच दिव्यांच्या जागा ठरवा. सात-आठ पुरेत, आणि सारख्या अंतरावर नकोत. तीन एकत्र, मग मोठी फट, मग एक असे ठेवा. प्रत्येक जागी पाण्याचा ठिपका आणि त्यात नारिंगीचा स्पर्श, म्हणजे कडा विरलेली राहील. मधोमध जवळजवळ कागद दिसू द्या. हाताबरोबर प्रत्येक दिव्याच्या सरळ खाली, पाण्यात, त्याच रंगाची पातळ उभी रेघ ओढा. प्रत्येक दिव्याची रेघ त्याच्या अगदी खालीच येते. चंद्राकडे किंवा चित्राच्या मध्याकडे ती वळत नाही.

१०. पैलतीर: एकच सलग आकार

आता आटवलेल्या दुधाचं मिश्रण, १२ नंबरचा ब्रश, आणि डाव्या कडेपासून सुरुवात. देवळं, घरं, झाडं, भिंती एकेक करून रंगवू नका. सगळा पैलतीर हा एकच काळपट निळा आकार आहे, फक्त त्याची वरची कडा बोलकी हवी. ब्रश भरलेला ठेवा, दिव्यांना वळसा घालत पुढे सरका आणि ओल्या रंगातच कुठे अंबर, कुठे इंडिगो सोडत जा.

चंद्राच्या नेमक्या खाली असलेल्या शिखराची कडा कुरकुरीत ठेवा. चित्रात सर्वांत तीक्ष्ण जागा हीच. जसजसं बाजूला जाल तसतशी कडा ओल्या ब्रशने विरवत जा. दूरच्या टोकाला पैलतीर आकाशात हरवला तरी चालेल. दिसेल तितकं सगळं दाखवायचा मोह रात्रीच्या चित्रात फार महागात पडतो.

खालची कड, पाणी लागतं ती, सलग रेघेने बंद करू नका. जागोजाग पाणी लावून खाली सोडून द्या. पायऱ्यांच्या माथ्याच्या दोन-चार फिक्या रेघा राखून ठेवा, तेवढ्याने घाट कळतो.

११. पाणी: सर्वांत कमी वेळ, सर्वांत जास्त विचार

ब्रश उचलण्याआधी हे समजून घ्या. शांत पाण्यात चंद्राचं बिंब क्षितिजाच्या खाली तितकंच दूर दिसतं जितका चंद्र वर आहे. आपल्या हिशेबात ते क्षितिजाखाली साडेबारा सेंमी, म्हणजे कागदाच्या बाहेरच गेलं. आपल्या हाती उरते ती फक्त लाटांवरची चमक. शिवाय पैलतीराला लागून असलेल्या पाण्यात आधी देवळांचं काळं प्रतिबिंब येतं, आकाश आणि चमक त्याच्या खाली सुरू होते. म्हणून काठाला चिकटून, देवळाच्या पायथ्यापासूनच लख्ख पांढरा पट्टा सुरू केला तर तो खोटा वाटतो. काठाजवळ अंधार, त्यात तुरळक फुटलेले तुकडे, आणि खाली येताना चमक दाट, असं हवं.

दुसरी गोष्ट रुंदीची. दूर निमुळती आणि जवळ पसरट अशी रस्त्यासारखी चमक काढण्याची सवय मोडा. चंद्र खाली असताना ती बहुतेक एकाच रुंदीचा खांब असते, फक्त जवळचे तुकडे मोठे आणि दूरचे बारीक असतात.

आता काम. पाणी पुन्हा ओलं करून, चमकेचा पट्टा वगळून, देवळांच्या रंगाचे उभे फटकारे खाली ओढा. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं फिकं, उजळ वस्तूचं थोडं गडद, हे लक्षात ठेवा. कागद निम्मा वाळला की स्वच्छ, पिळलेल्या सपाट ब्रशने दोन-तीन आडव्या फटी उचला, दिव्यांच्या रेघाही तिथे तुटू द्या. पाणी आडवं पसरलेलं दिसतं ते याच फटींमुळे.

पूर्ण वाळल्यावर चमक. ८ नंबरचा ब्रश दाट निळ्यात बुडवा, कपड्यावर टिपा, आडवा झोपवा आणि कोरड्या पट्ट्यावरून झपकन फिरवा. रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत पांढरं राहतं, तीच चमक. आधी कापट्यावर दहा वेळा करून बघा. हळू फिरवला तर रंग खळग्यांत शिरतो आणि सगळं सपाट होतं.

सावध: चमकेच्या पट्ट्यावरून दुसऱ्यांदा ब्रश फिरवू नका. नाही जमली तरी. एक वेळ विरळ चमक चालते, मळलेली नाही.

१२. ऐलतीर

जवळच्या पायऱ्या आणि एखादा दगडी कठडा, बस. चित्रातली सर्वांत गडद छटा, आकडा ५, इथे येते, म्हणून तिचा हात राखून वापरा. माणसं घ्यायची तर दोन, फार तर तीन, बसलेली, चमकेच्या बाजूला. डोकं आणि खांदे एकाच फटकाऱ्यात काढा, डोळे-नाक नको. चंद्राकडच्या खांद्यावर केसाएवढी फिकी कड सोडलीत तर माणूस चांदण्यात बसतो.

चंद्र समोर आहे म्हणजे सावल्या तुमच्याकडे येणार. चंद्राच्या बरोबर खाली क्षितिजावर एक बिंदू धरा, तिथून पंख्यासारख्या पसरत येणाऱ्या रेघांवर कठड्याच्या आणि माणसांच्या सावल्या टाका. सगळ्या समांतर टाकल्यात तर डोळ्याला खटकेल, का ते बघणाऱ्याला सांगता येणार नाही.

१३. शेवटची पाच मिनिटं

सगळं खडखडीत वाळलं की मास्किंगचा ठिपका बोटाने हलकेच घासून काढा. खाली कडक कडेचा पांढरा दाणा मिळेल. ओल्या ब्रशच्या टोकाने त्याची एक बाजू किंचित मऊ करा आणि रॉ सिएनाचा जवळजवळ न दिसणारा हात द्या. चंद्रावर डाग काढत बसू नका, ज्वारीच्या दाण्यावर काय काय काढणार?

पात्याच्या टोकाने पाण्यात दोन-चार आडवे ओरखडे, फक्त चमकेजवळ. ओलसर कागदावर पातं लावलं तर तो फाटतो. आता हवं तर गुआश उघडा: एखाद्या कळसाच्या टोकावर ठिपका, एखाद्या पायरीच्या कडेवर रेघ. पाच जागांच्या वर गेलात तर झाकण लावा.

तपासा: फोनवर कृष्णधवल फोटो काढा. सर्वांत उजळ ठिपका चंद्र आणि चमकच आहे ना? एखादा दिवा त्यांच्यापेक्षा वर येत असेल तर त्यावर पातळ सिएना फिरवा. मग चित्र आरशात बघा. कललेली काठाची रेघ आणि वाकडं शिखर आरशात लगेच ओरडतं.

बिघडलं तर

आकाश फार गडद झालं: वाळू द्या. मग ओल्या मऊ स्पंजने चंद्राभोवती गोलाकार हलके पुसा आणि कपड्याने टिपा. अल्ट्रामरीन बराच उचलला जातो, इंडिगोचं बनावटीवर अवलंबून आहे, काही ट्यूबा हट्टी निघतात.

पैलतीर वाळून फिका आणि धुरकट झाला: पूर्ण वाळल्यावर त्याच मिश्रणाचा एकच दाट थर, न थांबता. दिव्यांच्या कडा पुन्हा राखा.

चमक बुजली: पातं थोडं मदत करेल, गुआश फारशी नाही. पाण्याचा तो भाग गडद स्वीकारा, चमक एका बाजूला तुटक राहू द्या. नाहीच पटलं तर दुसरा कागद ताणा. आराखडा आणि मिश्रणाचे चौकोन हाताशी आहेत, दुसरं चित्र निम्म्या वेळात होतं.

फुलकोबीचा डाग पडला: त्यावर ढग येतो का बघा.

सही पांढऱ्या रंगात करू नका आणि लालात तर नकोच. कोपऱ्यातला तो उजळ ठिपका दुसरा चंद्र होऊन बसतो. ऐलतीराच्या गडद पायरीवर, त्याच निळ्याची जरा फिकी छटा घेऊन, रिगरने, बारीक.